हत्तीचा ठणका

सकाळपासून रडणाऱ्या आपल्या चार वर्षांच्या लेकीला, शाल्मलीला, मांडीवर घेऊन अविनाश दवाखान्यात बसला होता. घरात प्रत्येकाने निदान केलं होतं: दात, दृष्ट, पोट. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"काय होतंय गं राणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

शाल्मलीने हुंदका गिळला. "कान ठणकतोय. गोष्टीतल्या हत्तीच्या पायात काटा गेला, तेव्हा पाय ठणकला ना, तस्सा!"

बाईंनी बॅटरी मारून पाहिलं. कान आतून सुजला होता. "कमाल आहे! माझे साठीचे पेशंट नुसतं 'कसंतरी होतंय' म्हणतात. हिला कुणी शिकवलं?"

"हत्तीने," शाल्मली म्हणाली.

रोज ती गोष्ट वाचताना हत्तीचा आवाज काढून घसा बसवून घेणाऱ्या अविनाशने श्रेय मुकाट्याने हत्तीला देऊन टाकलं. छाती मात्र त्याचीच फुगली होती.