ओरेगॉनमार्गे

"पुन्हा लिहिलंय हरामखोरानं!" थर्मन पिकेटनं सँडविच बाकावर आपटलं.

शेजारी बसलेला ओडेल गोड चहाचा पेला नुसताच फिरवत राहिला. "कोण?"

"आहे एक. ना नाव, ना गाव, नुसती चार अक्षरं. त्याच्या संगणकाचंही नाव कधी न ऐकलेलं. निरोप ओरेगॉनकडून येतात, म्हणजे असेल तिकडचाच. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे म्हणून देशभरच्या विद्यापीठांत बोंब मारतोय. आणि पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायचीय, ओडेल!"

एका संगणकानं दुसऱ्याला फोन लावायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. त्यांच्या डरहॅमच्या विद्यापीठाचा निरोप असा दारोदार फिरत जाई. थर्मनची टोपणनावानं दिलेली शिवी त्या माणसापर्यंत पोचायला तीन दिवस, त्याची परत यायला तीन दिवस. तोवर राग निवत नसे, उलट उबेला ठेवल्यासारखा वाढत जाई.

ओडेल समोरच्या वैद्यकीय इमारतीत कामाला होता. दोन्ही विभागप्रमुखांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यापायी दोन इमारतींतले संगणक जोडणारी तार टाकायचीही राहून गेली होती. हे दोघं मात्र रोज मधल्या मॅग्नोलियाच्या झाडाखाली डबा खात. हल्ली ओडेलही आतल्या आत धुमसत असे. बायको कोरिन गेल्यापासून घर खायला उठत असेल बिचाऱ्याला, असं थर्मन समजून चालला होता.

"असं एक वाक्य सांग, लेका, की पुन्हा तोंड वर काढणार नाही."

"चांगलं वर्मी लागायला हवंय?"

"आरपार!"

ओडेलनं पेला बाकावर ठेवला. मग कडवट हसला. "लिही, भांडायला इतकी सवड मिळते, म्हणजे घरी तुझी वाट बघणारं कुणी उरलेलं दिसत नाही."

"काय बोललास!" थर्मननं मांडीवर थाप मारली. त्याच दुपारी त्यानं ते अक्षरन् अक्षर पाठवलं.

तीन दिवसांनी ओडेल बाकावर आला नाही. दोघांची सँडविचं घेऊन थर्मन पहिल्यांदाच त्याच्या कामाच्या खोलीत गेला. दार उघडं होतं. ओडेल पाठमोरा, नव्या संगणकाच्या पडद्यासमोर बसला होता.

"अरे, जेवायचं नाही का?"

ओडेलनं न वळताच पडद्याकडे बोट केलं.

पडद्यावर वरच्या ओळीत निरोपाचा रस्ता दिसत होता. थर्मनचं यंत्र, शिकागो, ओरेगॉन, आणि शेवटी ही खोली.

खाली एकच वाक्य होतं, त्या दिवशी मॅग्नोलियाखाली सुचलेलं. ओडेलचं.