आभासी शहरातलं दुकान

सुनेत्रा चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा दादा पुण्याहून आलेल्या गुंतवणूकदाराला लॅपटॉपवर तिचंच दुकान दाखवत होता. ऑनलाइन खेळातल्या आभासी शहरात लोक घरं बांधत आणि सुनेत्राने घडवलेले झोपाळे, देव्हारे हौसेने विकत घेत.

"कल्पना माझीच," दादा सांगत होता. "बहीण थोडी मदत करते."

कालपर्यंत तो याला पोरखेळ म्हणून हिणवायचा.

"करार कुणाच्या नावावर करायचा?" पाहुण्यांनी दादालाच विचारलं.

"माझ्या."

सुनेत्राने चहाचा ट्रे टेबलावर आदळला. "खोटं बोलतोय हा! दुकान माझं आहे."

"अगं, हळू बोल," आई मध्ये पडली. "तू उद्या लग्न होऊन जाशील. दुकान घरातच राहायला हवं."

"मग उद्याची वाट कशाला? मी आजच जाते, आणि दुकानही माझ्याबरोबर येईल." लॅपटॉप हिसकावून ती निघाली.

पाहुणे जिन्यापर्यंत मागे धावले. "मॅडम, थांबा. करार तुमच्याच नावावर करू."

सुनेत्रा गर्रकन वळली. "मी समोरच उभी होते. मघाशी मला का नाही विचारलंत?"