थवा दुभंगतो ती जागा

भूशिराच्या टोकावर बसून वसंतात उत्तरेकडे जाणारे पक्षी मोजायचं काम आमच्याकडे आहे. दुर्बीण नवऱ्याकडे, वही माझ्या मांडीवर, आणि शेजारी बाबागाडीत पाच महिन्यांची लेक.

परवा पहिल्यांदा लक्षात आलं. समुद्राकडे निघालेला प्रत्येक थवा आमच्या डोक्यावर येऊन दुभंगायचा आणि पुढे जाऊन पुन्हा एक व्हायचा. मधे एखादा उंच मनोरा उभा असावा, तसा.

मी बाबागाडी वीस पावलं सरकवली. पुढचा थवा बरोबर तिच्यावर दुभंगला.

"अरे, घरी जाऊ या ना," मी म्हणाले.

"काहीतरीच तुझं! उलट गाडी तिथेच राहू दे. डावे तू मोज, उजवे मी. निम्मं काम वाचलं."

आज सकाळी तिला पाजून निजवलं, वर पांघरूण घातलं. भलामोठा थवा आला आणि सरळ, सलग आमच्यावरून निघून गेला.

"गाडी हलवलीस ना?" दुर्बिणीतून डोळे न काढता तो करवादला. "सगळी मोजणी चुकली माझी!"

गाडी जागेवरच होती. माझे दोन्ही हात तिच्या दांडीवर होते, आणि पांघरूण उचलून बघायचा धीर मला होत नव्हता.