निळी रेघ

"मेन स्विच पडला होता," दार उघडता उघडताच धाकट्याने सांगितलं. "रात्रीच कधीतरी. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. मला झोप लागली होती गं ताई."

ताई चपला काढून थेट आतल्या खोलीत गेली. भावाचा फोन आला तेव्हा ती आवरूनच बसली होती, त्यामुळे यायला वेळ लागला नाही.

आई पलंगावर होती. नाकातली नळी धाकट्याने काढून ठेवली होती. गालांवर तिचे वळ तेवढे राहिले होते. ताईने चादर सारखी केली. मग तिची नजर माशांच्या टाकीकडे गेली.

टाकी तिनेच आणली होती. आईला पडल्या पडल्या बघायला काहीतरी हलतं हवं म्हणून. निऑन टेट्रा, करंगळीच्या पेराएवढे, गरीब स्वभावाचे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आईला अंधार सोसत नसे, म्हणून टाकीचा दिवा रात्रभर चालू ठेवत.

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. या माशांची गंमत तिने आईला सांगितली होती. अंधारात ते रंग उतरवून ठेवतात. उजेड झाला की अंगावरची निळी रेघ सावकाश भरत येते.

"म्हणजे माझ्यासारखेच की," आई धापा टाकत म्हणाली होती. "सकाळी तोंड धुतल्याशिवाय ओळखू यायचे नाहीत."

"मेन वर कधी केलास?" ताईने विचारलं.

"आत्ताच. तू बेल वाजवलीस ना, त्याच्या जरा आधी."

टाकीतल्या एकूण एक माशाची निळी रेघ लखलखत होती.

ताईने काचेला हात लावला. बाहेर हुडहुडी भरेल अशी थंडी होती. रात्रभर टाकीतला हीटर बंद असता तर पाणी गारठलं असतं. काच कोमट होती. तिच्यावर चिकटवलेली तापमानाची पट्टी रोजच्यासारखी सव्वीस अंश दाखवत होती.

मेन पडलाच नव्हता. बंद झालं होतं ते फक्त एक मशीन.

ती धाकट्याकडे वळली.

"अशी काय बघतेस माझ्याकडे?" धाकटा म्हणाला.

"काही नाही. डॉक्टरांना कळवलंस?"

"येतायत."

नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, पापण्या उचलून पाहिल्या. मग मशीनकडे वळले.

"लाईट गेली की हे केवढ्याने शिट्टी वाजवतं. ऐकू नाही आली?"

धाकट्याने मान खाली घातली.

"त्याच्या उशाशी ढोल बडवले तरी उठत नाही तो," ताई म्हणाली. "लहानपणापासून तसाच."

डॉक्टर हात पुसत टाकीपाशी थांबले. "काय सुरेख रंग आहेत हो. माझ्या नातीकडे आहेत असेच. पण ती सकाळी दिवा लावते ना, तेव्हा बराच वेळ नुसते पांढुरके दिसतात..."

ते काचेजवळ वाकले.

ताई एक पाऊल पुढे सरली. टाकीचा दिवा, हीटर, मशीन, सगळं त्या एकाच मेनवर होतं. कोणी एवढं बोलून दाखवलं की पुरे, धाकट्याच्या हातात बेड्या. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा माशांपेक्षा फिका.

"डॉक्टर," ती म्हणाली, "बाहेर बसता का? इथे लिहायला उजेड पुरत नाही."

डॉक्टर सरळ झाले. बाहेरच्या टेबलावर त्यांनी दाखला लिहिला, सही केली. निघताना धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला.

"स्वतःला दोष देत बसू नकोस. फार हाल चालले होते त्यांचे. सुटल्या."

जिन्यातली पावलं विरेपर्यंत ताई दाराशी उभी राहिली. मग तिने आतून कडी लावली.

"ताई, माझे हातच चालेनात गं..." धाकट्याला पुढे बोलवेना.

"नुसता मशीनचा प्लग काढायचा नव्हता," ताई दबक्या आवाजात म्हणाली. "मेन पाड म्हणून सांगितलं होतं ना मी तुला?"