कॅमेरा बंद केल्यावर

चमचा फरशीवर खणकन पडला. चित्रीकरण चालू होतं. घरात सगळे श्वाससुद्धा जपून घेत होते.

छकुलीचा चेहरा उतरला. "आई, चुकलं का माझं?"

"नाही गं बाळा," ती म्हणाली.

"काही बिघडत नाही, पुन्हा घेऊ," कॅमेऱ्यामागून तिचा नवरा म्हणाला. "छकुली, दुधाचा घोट घे, आईच्या गळ्यात पड आणि मघासारखी हस बघू!"

छकुली हसली. अगदी मघासारखी. गळ्यात पडण्याआधी कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलाय ना, तेवढं तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं.

ते पाहणं बाईच्या नजरेतून सुटलं नाही.

"बंद कर," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, दूध गार होतंय..."

"दूध केव्हाच गार झालंय. बंद कर म्हणते ना!"

लाल दिवा विझला. तिनं फोन उचलून त्यांचं चॅनल उघडलं. लाखो लोक रोज या घरात डोकावत. छकुलीचा पहिला दातही इथंच पडला होता, तीन टेकमध्ये.

नवऱ्यानं तिचं मनगट धरलं. "डोकं ठिकाणावर आहे का? हे पुसलंस तर उरेल काय आपल्याकडे?"

"उरेल ते खरं असेल. कंटाळा आलाय मला या सोंगाचा. कुणी बघत नसताना हिला जवळ घ्यायचंय."

"नीट विचार कर," तो आवाज उतरवून म्हणाला. "निदान हिचा तरी."

"हिचाच करतेय."

तो आणखी काही बोलणार होता. पण त्यानं पोरीकडे पाहिलं आणि मनगट सोडलं.

खात्री आहे का, असं फोननं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं हो म्हटलं. चॅनल गेलं.

ती फरशीवरच बसली. छकुलीच्या केसांतल्या घट्ट पिना एकेक करून काढल्या. ओठांना लावलेला रंग ओढणीच्या टोकानं पुसला. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"संपलं बाळा सगळं. आता कॅमेरा नाही, उगाच हसायचं नाही. आता खरं खरं राहायचं. ये."

तिनं हात पसरले. छकुली अंग चोरून जागच्या जागी उभी राहिली.

"मावशी," तिनं विचारलं, "म्हणजे उद्यापासून माझी आई मला इथं शूटिंगला सोडायला येणार नाही ना? मग मी तुम्हाला आई म्हणायचं, की नाही?"