हरल्यानंतरची पंगत

"तोंड पाड," डार्सी पुटपुटली. "अजून पाड. हसतोयस तू."

एमेटनं तोंड पाडलं. पण मनात लाडू फुटत असले की गाल कुणाचं ऐकतात? अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात शेवटच्या क्षणी टॉलिव्हर कॉलेजच्या पोरानं मारलेली लांबलचक किक दोन खांबांच्या बरोब्बर मधून गेली होती आणि बार्लो कॉलेज एका गुणानं हरलं होतं. स्टेडियमबाहेरच्या मैदानात लाल टोप्यांची माणसं मयतीहून आल्यासारखी आपापल्या गाड्यांकडे परतत होती. एमेटच्या डोक्यावरही लाल टोपी होती, पण ती डार्सीची. तो स्वतः नदीपलीकडचा, जन्मापासून टॉलिव्हरच्या हिरव्या रंगात वाढलेला.

आणि आजच त्याला डार्सीच्या वडिलांकडे तिला मागणी घालायची होती.

"बाबांना कळलं तर संपलं सगळं," डार्सीनं येतानाच बजावलं होतं. "माझ्या मावसबहिणीनं टॉलिव्हरवाला नवरा केला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्या दोघांचं ताट अजून बाहेर ओसरीवर जातं. आई वाढते, बाबा नेऊन देतात. तास तास परत येत नाहीत, एवढं ऐकवतात त्या बिचाऱ्याला."

डार्सीच्या घरच्या प्रुएट मंडळींनी गाड्यांच्या मधोमध टेबल मांडलं होतं. गर्दी पांगेपर्यंत घरी कुणी निघायचं नाही आणि हरलं म्हणून उपाशी बसायचं नाही, ही रीत. शेगडीवर बरगड्या भाजत डार्सीचे वडील हॉइट प्रुएट उभे होते. धिप्पाड गडी, सामन्याच्या दिवशी दाढीसुद्धा लाल रंगवणारा. त्यांची बायको नेल्डाबाई गोड चहा ओतत होती. तिचा भाऊ रॉइसमामा खुर्चीत रुतून बसला होता.

नेल्डाबाईचे वडील एके काळी बार्लोकडून खेळलेले. त्यांनी घालून दिलेला नियम घरात अजून चालायचा. ताट हवं असेल तर आधी संघाचं एक बलस्थान सांगायचं आणि एक उणीव.

"पोरांनी जीव तोडला, हे खरं," मामानं सुरुवात केली. "पण तो चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. हातात चेंडू आला की त्याला वाटतं पाहुणा आलाय, जरा बसवून घ्यावा."

"पोरं गुणी आहेत," नेल्डाबाई म्हणाली. "कोचला तेवढं महिनाभर माझ्याकडे पाठवा. सरळ करून देते."

मग हॉइटसाहेबांची पाळी आली. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली. "बलस्थान म्हणजे, आपला बँड छान वाजवतो."

"आणि उणीव?"

इथे मात्र गाडी उताराला लागली. मधली फळी म्हणजे निव्वळ चाळण. डावीकडचा तो जाड्या अर्ध्या खेळातच धापा टाकतो. किकरला वारा कुठून येतोय ते कळत नाही. बरे खेळणारे दोघं होते, ते यंदा पदवी घेऊन चालले, म्हणजे पुढल्या वर्षीही आनंदच. बोलता बोलता बरगड्या करपल्या तरी त्यांना भान नव्हतं.

"पुरे कर, हॉइट," मामा कळवळला. "किती लावून घेशील जिवाला?"

नेल्डाबाईनं नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सहन होत नाही हो त्यांना."

"आता तू बोल, पाहुण्या," मामा म्हणाला.

"बलस्थान म्हणजे चिकाटी," एमेट म्हणाला. ते खपलं. उणीवही अशीच गुळमुळीत सांगून सुटायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, वासानं डोकं फिरलं होतं, आणि जीभ घसरली. "तो चौतीस नंबर. डावीकडे पळायचं असलं की आधी उजवा खांदा पाडतो. सबंध हंगाम पाडतोय. समोरच्यांना आयतंच कळतं."

"कुणाला कळतं?" हॉइटसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे, कळत असणार, सर."

मामाचा काटा तोंडाशीच थांबला. हॉइटसाहेबांनी एमेटला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग चिमटा खाली ठेवला, आणि मागे उभ्या असलेल्या कॅम्परमध्ये, म्हणजे त्यांच्या राहायच्या गाडीत, शिरून दार ओढून घेतलं.



"जाऊ दे त्यांना," नेल्डाबाई म्हणाली. "टॉलिव्हरनं हरवलं की तिथं बसून एकटेच रडून घेतात. लग्न झाल्यापासून बघतेय. लाल डोळ्यांनी बाहेर येतात बिचारे."

डार्सीनं एमेटला बाजूला ओढलं. तिचा चेहरा उतरला होता. "कळलं त्यांना."

"मग जाऊन सांगूनच टाकतो. खोटं बोलून जावई झालो तर जन्मभर ही टोपी घालावी लागेल."

"हाकलून देतील तुला."

"देऊ देत. ओसरीवर जेवेन, पण तुझ्याबरोबर जेवेन."

तो कॅम्परच्या पायरीवर चढला. आतून दबके हुंदके येत होते. दार वाजवण्याचाही धीर होईना, म्हणून त्यानं ते हळूच उघडलं. हॉइटसाहेब पाठमोरे उभे होते. तोंडावर उशी दाबलेली, भलेमोठे खांदे गदगदा हलत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"सर," एमेट म्हणाला, "मला एक कबूल करायचंय."

आवाज तेवढा उशीतून येत राहिला, आणि त्या आवाजाला टॉलिव्हरच्या विजयगीताची चाल होती. नदीपलीकडची पोरं चालायला शिकायच्या आधी ही चाल शिकतात. एमेटच्याही नकळत दुसरी ओळ त्याच्या ओठांतून निघून गेली.

हॉइटसाहेबांनी उशी खाली केली. लाल दाढीतून सबंध बत्तिशी दिसत होती.

"आधी दार लाव," ते म्हणाले. "आणि खालच्या पट्टीत गा. तुझ्या सासूला अजून पत्ता नाही."