ओटिसची पाळी

ओटिस आणि डेमरी एकाच अमेरिकन फुटबॉल संघातले. बॉल छातीशी धरून, धडका खात समोरच्या खेळाडूंच्या गर्दीत घुसायचं काम दोघांनी वाटून घ्यायचं, असं कोचने ठरवलेलं. पण लोकांच्या लाडक्या, थकलेल्या ओटिसची पाळी आली, की तरणा डेमरी पुढे होऊन बॉल मागायचा. क्लीव्हलंडमध्ये रेडिओवर आठवडाभर दोघांची तुलना चाले आणि लोक डेमरीला हावरट म्हणत. आजही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

सामन्यानंतर पार्किंगमध्ये ओटिसची बायको लोरेटा उभी होती. डेमरी लंगडत तिच्यापाशी गेला.

“वहिनी, आता माझेही गुडघे गेलेत.”

“पुढच्या रविवारीही त्याला बॉल मिळू देऊ नकोस रे,” ती दमल्या आवाजात म्हणाली. “डोक्याला मार बसला नाही, की घरी पोरीचं नाव आठवतं त्याला.”